पेंच की कऱ्हांडला : बेसा येथून एका दिवसाची जंगलयात्रा

नागपूरच्या दक्षिण सीमेवर, वर्धा रस्ता आणि उमरेड रस्ता यांच्या मधल्या पट्ट्यात वाढलेल्या बेसा-पिपळा परिसरातील एखाद्या कुटुंबाने सुटीच्या दिवशी पहाटे निघून रात्री घरी परतायचे आणि त्या अवधीत एक चांगले जंगल पाहायचे असे ठरवले, तर दोन नावे सर्वप्रथम पुढे येतात : उत्तरेकडचा पेंच व्याघ्र प्रकल्प आणि आग्नेयेकडचे उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य. ताडोबा अधिक प्रसिद्ध असले तरी ते एका दिवसात उरकण्याचे ठिकाण नव्हे, आणि वर्धा जिल्ह्यातील बोर, जे २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाले आणि क्षेत्रफळाने देशातील सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्प म्हणून ओळखले जाते, ते स्वतंत्र लेखाचा विषय ठरावे इतके वेगळे आहे. पहिल्या दोहोंमधील निवड बहुधा एकाच प्रश्नावर केली जाते, तो म्हणजे सध्या वाघ कुठे दिसतो आहे. आणि हा प्रश्न स्वाभाविक असला तरी त्याच्या उत्तरावर विसंबून काढलेली सहल निराशेत संपण्याचा संभव मोठा असतो, कारण वाघ दिसणे किंवा न दिसणे हे त्या जंगलाच्या आकारावर, ऋतूवर आणि तिथे त्या वेळी वाढत असलेल्या एखाद्या वाघीण-कुटुंबावर अवलंबून असते, आणि ही कारणे समजून घेतली तर निवडीचा प्रश्नच वेगळ्या रीतीने मांडता येतो.

दोन्ही जंगलांची जात मुळात एकच आहे. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने भूगोलाच्या व्याख्येनुसार हा सारा प्रदेश उष्णकटिबंधात मोडतो. परंतु उष्णकटिबंध म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारे सदाहरित, दाट आणि ओलसर अरण्य येथे नाही. येथील वनाला उष्णकटिबंधीय शुष्क पानझडी वन म्हणतात, म्हणजे ज्या वनातील बहुतेक झाडे पाण्याची टंचाई सुरू होताच पाने गाळून टाकतात आणि पानांवाटे होणारे बाष्पीभवन थांबवून कोरडे महिने निभावून नेतात असे वन. हॅरी चॅम्पियन आणि एस. के. सेठ यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय वनांच्या वर्गीकरणात या प्रकाराला स्वतंत्र स्थान आहे आणि आजही वनखात्याच्या कार्य आयोजना त्याच वर्गीकरणाच्या आधाराने लिहिल्या जातात. साग, ऐन, धावडा, बिजा, तेंदू, मोह आणि बांबू ही मंडळी पेंचमध्ये भेटतात तशीच कऱ्हांडल्यातही भेटतात, त्यामुळे केवळ झाडांच्या ओढीने एक जंगल सोडून दुसरे गाठण्याचे कारण उरत नाही. भेद आहे तो विस्ताराचा, पाण्याचा आणि भोवतालच्या मानवी वस्तीचा.

विस्ताराचा मुद्दा प्रथम घेणे आवश्यक आहे, कारण बाकीचे बरेच काही त्यातूनच निघते. महाराष्ट्रातील पेंचचे राष्ट्रीय उद्यान १९७५ मध्ये घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे २५७ चौरस किलोमीटर आहे. १९९९ मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला, पुढे मानसिंगदेव अभयारण्य त्याला जोडले गेले आणि गाभा व बफर, म्हणजे कडक संरक्षणाचे आतले क्षेत्र आणि गावांसह असलेले त्याच्या भोवतीचे क्षेत्र, मिळून हा प्रकल्प सुमारे ७४१ चौरस किलोमीटरचा झाला. शिवाय राज्याची सीमा कागदावर असते, जंगलात नसते. उत्तरेला मध्य प्रदेशातील पेंच व्याघ्र प्रकल्प याला थेट लागून आहे, त्यामुळे वाघाच्या दृष्टीने हे एक मोठे सलग वन आहे. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ मध्ये घोषित झाले, त्याचे क्षेत्र सुमारे १८९ चौरस किलोमीटर आहे, ते नागपूर जिल्ह्यातील उमरेड, कुही व भिवापूर आणि भंडारा जिल्ह्यातील पवनी या तालुक्यांत पसरलेले आहे, आणि त्याचा कारभार पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्र संचालकांकडेच असतो.

मध्य भारतातील प्रौढ वाघीण आपल्यासाठी कित्येक चौरस किलोमीटरांचा टापू राखते आणि नराचा टापू त्याहून बराच मोठा, अनेकदा दोन-तीन वाघिणींच्या टापूंना व्यापणारा असतो. हे लक्षात घेतले तर १८९ चौरस किलोमीटरच्या जंगलात कायमचे ठाण मांडू शकणारे वाघ फारच थोडे असणार हे उघड आहे. त्यांतल्या एखाद्या वाघिणीला पिल्ले झाली की ती पाण्याच्या आणि शिकारीच्या आसपास ठरावीक वाटांवर वावरते, पिल्ले मोठी होऊ लागताच सगळे कुटुंब रस्त्यावर दिसू लागते आणि कऱ्हांडल्याची कीर्ती अचानक वाढते. परंतु पिल्ले साधारण दीड ते दोन वर्षांची झाली की आईला सोडून आपला टापू शोधायला निघून जातात, आणि मग त्याच रस्त्यांवर पर्यटकांना अनेक फेऱ्यांत केवळ चितळ आणि नीलगाय दिसतात. म्हणून गेल्या वर्षी शेजाऱ्यांना येथे पाच वाघ दिसले ही बातमी खरी असली तरी या वर्षीच्या निवडीसाठी तिचा उपयोग थोडाच आहे. मोठ्या जंगलात असा चढउतार सौम्य असतो, कारण एक कुटुंब पांगले तरी दुसऱ्या टापूत दुसरे कुटुंब वाढत असते. मात्र तिथे रस्ते आणि झाडी यांचे प्रमाण असे असते की वाघ असूनही तो नजरेस पडेलच असे नाही.

या नियमाचे सर्वांत ठळक उदाहरण जय नावाच्या वाघाचे आहे. नागझिऱ्यात जन्मलेला हा नर २०१३ मध्ये तिथून निघाला आणि शेते, रस्ते, नद्या ओलांडत कऱ्हांडल्याच्या जंगलात येऊन स्थिरावला. भव्य शरीर आणि माणसांच्या गाड्यांना न बुजण्याचा स्वभाव यांमुळे नुकतेच घोषित झालेले हे अभयारण्य त्याच्या एकट्याच्या बळावर देशभर माहीत झाले. त्याच्या गळ्यात भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी रेडिओ कॉलर, म्हणजे त्याचा ठावठिकाणा कळवणारा पट्टा, बसवला होता. एप्रिल २०१६ मध्ये त्या पट्ट्याकडून येणारे संकेत थांबले आणि मोठा शोध घेऊनही जय पुन्हा सापडला नाही. त्याचा मुलगा श्रीनिवास २०१७ मध्ये नागभीड भागात पिकाच्या रक्षणासाठी कुंपणात सोडलेल्या विजेच्या प्रवाहाने मेला. या दोन घटनांतून जे समजते ते असे, की कऱ्हांडला हे वाघांच्या मुक्कामाइतकेच त्यांच्या ये-जा करण्याचे ठिकाण आहे. नागझिरा आणि ताडोबा यांच्या दरम्यान वाघांना जोडून ठेवणाऱ्या वाटेवरचा तो एक टप्पा आहे, आणि त्याच्या चहूबाजूंना धान, कापूस, तूर आणि भिवापूरच्या प्रसिद्ध मिरचीची शेते आहेत. अशा वाटांना संचारमार्ग किंवा कॉरिडॉर म्हणतात आणि त्या तुटल्या तर छोटी जंगले एकमेकांपासून अलग पडून त्यांतील वाघ हळूहळू आप्तसंकराने दुबळे होतात, म्हणून या लहान अभयारण्याचे महत्त्व त्याच्या क्षेत्रफळावरून मोजणे चुकीचे ठरेल. ज्याला हे पाहायचे आहे, म्हणजे शेत कुठे संपते, जंगल कुठे सुरू होते आणि त्या सीमेवर माणूस व जनावर कसे राहतात, त्याच्यासाठी कऱ्हांडल्याची वाट पेंचपेक्षा अधिक शिकवणारी आहे.

पेंचचे बळ त्याच्या पाण्यात आहे. छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावणारी पेंच नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे या जंगलाच्या मधून वाहते, तिच्यावर राज्यांच्या सीमेवर तोतलाडोहचे धरण आहे आणि त्याच्या खाली कामठी खैरीचे, म्हणजे सर्वांच्या बोलण्यात नवेगाव खैरीचे, धरण आहे, त्यामुळे महाराष्ट्राकडील प्रकल्पाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग पडतात. सिल्लारी, चोरबाहुली आणि खुर्सापार ही प्रवेशद्वारे पूर्वेला आहेत, तर कोलितमारा हे पारशिवनीकडून गाठण्याचे प्रवेशद्वार पश्चिमेला आहे. हिवाळा संपून नदी आटू लागली की जलाशयाची पातळी उतरते, उघड्या पडलेल्या काठावर कोवळे गवत उगवते आणि त्या गवतासाठी चितळांचे मोठे कळप उघड्यावर येतात. गवा, सांबर, रानकुत्री आणि अस्वल यांचा मागही या काठांवर लागतो. या पाण्याला माणसांचा इतिहासही आहे. धरणामुळे विस्थापित झालेल्या कुटुंबांचा तोतलाडोहच्या जलाशयात मासेमारी करण्याचा हक्क आणि राष्ट्रीय उद्यानाचे संरक्षण यांच्यातील वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९७ मध्ये त्यावर निकाल झाला; पेंचच्या शांत जलाशयाकडे पाहताना त्याच्या तळाशी गेलेली गावे आणि त्यावर उपजीविका शोधणारी माणसे यांचा विचार मनात यायला हवा, कारण आजचे निसर्गदृश्य त्यांच्या त्यागावर उभे आहे.

बेसा येथील वाचकासाठी याहून जवळचा एक धागा आहे, आणि तो दोन्ही जंगलांना एकत्र बांधतो. नागपूर शहराला मिळणाऱ्या पाण्याचा मोठा भाग नवेगाव खैरीच्या जलाशयातून येतो, म्हणजे पेंचचे जंगल राखले गेले म्हणून त्या पाणलोटातील माती जागेवर राहिली आणि जलाशय गाळाने भरून जाण्यापासून काही अंशी वाचला. हेच पाणी वापरून झाल्यावर नाग नदीतून आणि पिवळी व पोहरा यांसारख्या तिच्या सोबतिणींमधून पूर्वेकडे वाहते. यांतली पोहरा नदी नरेंद्रनगरवरून पिपळा फाटा आणि विहीरगावच्या दिशेने, म्हणजे बेसाच्या अगदी शेजारून जाते. नाग नदी पुढे कन्हानला मिळते, कन्हान कुही तालुक्यातील अंभोऱ्याजवळ वैनगंगेला मिळते, आणि वैनगंगेवरच्या गोसीखुर्द प्रकल्पाच्या जलाशयात, ज्याची पायाभरणी १९८८ मध्ये झाली आणि ज्याला पुढे राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, शहराचे सांडपाणी जाऊन पोहोचते. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याची ईशान्य बाजू याच वैनगंगेला आणि गोसीखुर्दला लागून आहे. शहराला येणारे पाणी एका जंगलातून येते आणि शहरातून जाणारे पाणी दुसऱ्या जंगलाच्या कडेने जाते. दोन्ही सहली एका वर्षात, या क्रमाने केल्या तर शाळकरी मुलांना आपल्या घराच्या नळाचा आणि मोरीचा भूगोल पुस्तकाशिवाय कळतो, आणि निवडीच्या प्रश्नाचे हे कदाचित सर्वांत सार्थ उत्तर आहे.

एकच दिवस हाती असेल तर मात्र ऋतू पाहूनच ठरवावे लागते. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात पावसाचे पाणी ओढ्या-नाल्यांत सर्वत्र शिल्लक असते, गवत उंच असते आणि जनावरांना एका जागी येण्याचे कारण नसते, त्यामुळे या महिन्यांत जनावरे दिसण्याची अपेक्षा कमी ठेवावी. परंतु जलाशयांवर स्थलांतरित पक्षी उतरलेले असतात, हवा सुखद असते आणि दिवसभर बाहेर राहणे वृद्धांनाही झेपते, म्हणून हिवाळ्यात पेंचचा पश्चिम भाग, कोलितमाऱ्याचा जलाशय आणि तेथील नौकाविहार हा पर्याय वरचढ ठरतो. फेब्रुवारीच्या अखेरीस पानगळ वेग घेते, पळस फुलतो, मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले गळू लागतात आणि ती वेचायला पहाटे गावकरी व अस्वले दोघेही येतात. सागाची पाने गळून गेल्यामुळे नजर दूरवर पोहोचते. एप्रिल आणि मे महिन्यांत नैसर्गिक पाणी थोड्याच जागी उरते, वनविभागाचे कृत्रिम पाणवठे महत्त्वाचे होतात आणि जनावरांना त्यांच्याकडे यावेच लागते, म्हणून लहान जंगलात मोजक्या पाणवठ्यांभोवती काढलेली फेरी या काळात अधिक फलदायी असते. हा कऱ्हांडल्याचा काळ आहे. त्याची किंमतही आहे, कारण या दिवसांत विदर्भाचे तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते, उघड्या जिप्सीत दुपारच्या फेरीचा पहिला तास भट्टीसमोर बसल्यासारखा जातो, आणि लहान मुले किंवा रक्तदाबाचा त्रास असलेली वडीलधारी माणसे सोबत असतील तर फक्त सकाळची फेरी घेऊन ऊन चढण्यापूर्वी परतीला लागावे.

अंतराच्या बाबतीत कऱ्हांडल्याला जी सवलत आहे ती बेसाकरांना विशेष मिळते. उमरेड रस्ता पिपळा-विहीरगावच्या बाजूने थेट गाठता येतो, शहर ओलांडावे लागत नाही, आणि नागपूरपासून साठेक किलोमीटरवर असलेले कऱ्हांडल्याचे प्रवेशद्वार बेसा येथून तासा-सव्वा तासाच्या टप्प्यात येते. पेंचसाठी मात्र बाह्य वळण रस्त्याने शहराला पूर्वेकडून वळसा घालून कन्हानकडे आणि तिथून मनसर ओलांडून राष्ट्रीय महामार्ग ४४ ने वर जावे लागते, आणि सकाळच्या फेरीसाठी प्रवेशद्वारावर वेळेआधी हजर राहायचे तर भर मध्यरात्रीनंतर उठावे लागते. या महामार्गाच्या पेंचमधून जाणाऱ्या भागाकडे मात्र प्रवाशाने लक्ष द्यावे, कारण तिथे रस्ता उंच उचलून त्याच्या खालून जनावरांना जाता यावे अशा नऊ रचना, पाच भुयारी मार्ग आणि चार लहान पूल, बांधलेल्या आहेत. भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावून पाहिले तेव्हा वाघांसह अनेक प्राणी त्यांचा वापर करतात हे दिसून आले. गाडीच्या काचेतून जे दृश्य क्षणात मागे पडते ते भारतातील रस्तेबांधणीच्या इतिहासातील एक मोलाचे पाऊल आहे.

पेंचच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे जी कऱ्हांडल्यात मिळत नाही. जानेवारी २०२४ मध्ये पेंच हे भारतातील पहिले डार्क स्काय पार्क, म्हणजे कृत्रिम प्रकाशाच्या उपद्रवापासून राखलेले आकाश असलेले क्षेत्र, म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता पावले. सिल्लारी, वाघोली, पिपरिया आणि खापा या गावांतील दिव्यांची रचना बदलून त्यांचा प्रकाश केवळ जमिनीकडे पडेल असे करण्यात आले, कारण वर आणि बाजूंना उधळलेला प्रकाश हवेतील धुळीवर विखुरून आकाश उजळून टाकतो आणि मंद तारे दिसेनासे होतात. हाच उजेड निशाचर प्राण्यांच्या आणि कीटकांच्या जगण्यातही ढवळाढवळ करतो. बेसा, मनीषनगर, बेलतरोडी या भागांत वाढणाऱ्या मुलांनी आकाशगंगेचा पट्टा बहुधा पाहिलेलाच नसतो. अमावास्येच्या आसपासचा दिवस निवडून, दुपारची फेरी घेऊन आणि वनविभागाकडे आधी चौकशी करून अंधार पडल्यावर तास-दीड तास थांबले, तर वाघ न दिसताही दिवस भरून निघतो, आणि परतीचा रस्ता महामार्गाचा असल्याने मध्यरात्रीपूर्वी घरी पोहोचता येते.

जंगलातील वागणुकीचा विषय निवडीपासून वेगळा नाही, आणि त्याबद्दल स्पष्ट बोलणे गरजेचे आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ नावाने नोंदलेल्या वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवली. त्याची चित्रफीत सर्वत्र पसरली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि संबंधित चालक व गाईड यांच्यावर कारवाई झाली. चालक आणि गाईड यांना दोष देणे सोपे आहे, पण पैसे मोजून आलेला पर्यटक ‘साइटिंग’ झालेच पाहिजे असा आग्रह धरतो आणि त्या आग्रहाचे ओझे गावातल्या त्या तरुणांच्या माथी येते हेही तितकेच खरे आहे. लहान जंगल, एकच प्रसिद्ध कुटुंब आणि सुटीची गर्दी हे तिन्ही एकत्र आले की असे होण्याचा धोका वाढतो, म्हणून वर्षाअखेरच्या सुट्या, होळी आणि लागून आलेल्या शनिवार-रविवारी कऱ्हांडल्याला जाणे टाळावे आणि कामाचा दिवस मिळत असेल तरच ते निवडावे. गाईडला आधीच सांगून ठेवावे, की चितळाचा इशारा, सांबराचा ‘कॉल’, ओल्या मातीतला पंजा, झाडावर नखांनी ओरबाडलेल्या खुणा आणि पक्षी दाखवले तरी चालेल. असे सांगितल्यावर ही माणसे जे जंगल दाखवतात ते वाघामागे धावणाऱ्या गाडीतून कधी दिसत नाही.

आरक्षण करताना एक गफलत अनेकांची होते. रामटेक तालुक्यातील, सिल्लारीला वळण्यापूर्वी लागणारी पवनी आणि भंडारा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव असलेली पवनी ही दोन वेगळी गावे आहेत, पहिली पेंचची आणि दुसरी कऱ्हांडला अभयारण्याची, आणि दोहोंच्या मधले अंतर इतके आहे की चुकीच्या ठिकाणी पोहोचल्यास ती फेरी बुडालीच म्हणून समजावे. एका जिप्सीत साधारण सहा पर्यटक बसतात आणि वेळा ऋतूनुसार बदलतात, त्यामुळे प्रवेशद्वाराचे नाव, फेरीची वेळ आणि आठवडी सुटीचा वार वनविभागाच्या संकेतस्थळावर तपासूनच पैसे भरावेत, आणि ज्या ओळखपत्रावर आरक्षण केले तेच मूळ ओळखपत्र सोबत ठेवावे.

१ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात गाभा क्षेत्र पावसामुळे पर्यटकांसाठी बंद असते आणि या दोन्ही जंगलांतील निवडीचा प्रश्न तात्पुरता मिटतो, पण त्या दिशा बंद होत नाहीत. उत्तरेकडे मनसर आणि रामटेक आहेत, जिथे वाकाटककालीन अवशेष, टेकडीवरील मंदिरे आणि खिंडसीचा तलाव पावसाळ्यातच सर्वांत सुंदर दिसतात. आग्नेयेकडे भंडाऱ्याची पवनी आहे, जिथे १९६९-७० मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि नागपूर विद्यापीठ यांनी केलेल्या उत्खननात जगन्नाथ टेकडीवर मोठा प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला, आणि तिथून वैनगंगेचा पूर पाहता येतो. पाऊस थांबलेला असेल तर वाटेत अंभोऱ्याला थांबून कन्हान आणि वैनगंगा यांचा संगमही पाहावा, मात्र नदीचे पाणी चढते असेल तर काठावर उतरू नये.